पाव, बीन्स आणि साभार परत

१९३ पौंड. आपल्या हिशोबात साडेसत्याऐंशी किलो. १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या चौतीस-पस्तीस वर्षांच्या लेखकाचं हे वजन. काही महिन्यांत ते आलं १४६ पौंडांवर, म्हणजे सहासष्ट किलोच्या आसपास. शर्टाची कॉलर सोळावरून साडेचौदावर आली. आणि ही प्रगती तो आपल्या गावी असलेल्या मावशीला पत्रांतून मोठ्या खुशीत कळवत होता. त्याच पत्रांमध्ये दुसरी खबरही असायची : अमुक कथा लिहून झाली, तमुक संपादकाकडे गेली आहे, नवी एक डोक्यात घोळते आहे आणि तिचे पैसे बरे यायला हवेत.

हा लेखक म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट. भयकथा आणि अद्भुतकथा वाचणाऱ्यांना नाव सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात : माणसाच्या आधीपासून या विश्वात काहीतरी प्रचंड आणि आपल्याविषयी पूर्ण बेफिकीर असं वावरतं आहे, अशी कल्पना करून त्याने कथा लिहिल्या. समुद्राच्या तळाशी झोपलेला त्याचा क्थुल्हू आज टी-शर्टांवर, खेळांमध्ये, सिनेमांमध्ये सगळीकडे भेटतो. लव्हक्राफ्टच्या हयातीत मात्र त्याचं जग म्हणजे 'वियर्ड टेल्स' नावाचं स्वस्त कागदावर छापलेलं एक मासिक आणि त्या मासिकाचे चाहते.

मी बरेच दिवस या माणसाच्या डाएटबद्दल लिहीन म्हणत होतो. हसू नका! क्थुल्हूबद्दल लिहिणारे ढिगाने आहेत. त्याच्या बीन्सच्या डब्याबद्दल आपण बोलू.

तर आधी वजन वाढलं कसं ते बघू. लव्हक्राफ्टचा जन्म १८९० चा, ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावचा. उंची पाच फूट अकरा इंच, अंगकाठी किरकोळ. ३ मार्च १९२४ रोजी त्याने सोनिया ग्रीनशी लग्न केलं. सोनिया त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, युक्रेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबातली आणि बायकांच्या हॅट्सच्या धंद्यात चांगली कमावणारी. लग्नाची हकिकतही गमतीची आहे. हुडिनी या प्रसिद्ध जादूगाराच्या नावावर छापायची एक कथा लव्हक्राफ्टने लिहून दिली होती. तिचं टंकलिखित प्रॉव्हिडन्सच्या रेल्वे स्टेशनवर हरवलं, आणि मधुचंद्राला फिलाडेल्फियाला गेलेलं हे जोडपं ती कथा पुन्हा टाइप करत बसलं. सोनिया वाचून दाखवते आहे आणि नवरा टाइप करतो आहे. लेखकाशी लग्न करायचं म्हणजे काय, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं असणार.

सोनियाला स्वयंपाकाची हौस होती. लग्नाच्या वेळी नवरा उपाशी असल्यासारखा दिसायचा असं तिने पुढे आठवणींत लिहून ठेवलंय. तिने त्याला घरी आणि हॉटेलात भरपूर खाऊ घातलं. वर्षाच्या आत काटा दोनशे पौंडांच्या जवळ गेला. लव्हक्राफ्टला स्वतःचं हे नवं रूप अजिबात आवडत नव्हतं.

पण वर्ष पालटायच्या आत घडीच विस्कटली. सोनियाने स्वतःचं हॅटचं दुकान काढलं ते बुडालं. ती आजारी पडली. अखेर तिला दूर सिनसिनाटीला एका मोठ्या दुकानात नोकरी मिळाली आणि १९२४ च्या शेवटच्या दिवशी ती तिकडे गेली. नवरा ब्रुकलिनमध्येच १६९ क्लिंटन स्ट्रीटवरच्या एका खोलीत राहायला आला. भाडं महिना ४० डॉलर. खोलीत उंदीर होते. मे महिन्यात शेजारच्या खोलीतून चोर आत शिरले आणि त्याचे जवळजवळ सगळे चांगले सूट घेऊन गेले. नोकरी शोधून शोधून मिळाली नव्हती. सोनिया पैसे पाठवायची, मावश्या थोडेफार पाठवायच्या, आणि कथांचे येतील तेव्हा यायचे.

अशा वर्षात या गृहस्थाने डाएट सुरू केलं.

एका पत्रात त्याने लिलियन मावशीला बाजाराची यादीच लिहून पाठवली आहे. एक पाव, ६ सेंट. बीन्सचा मध्यम डबा, १४ सेंट. पाव पौंड चीज, १० सेंट. एकूण ३० सेंट. खोलीचं एका दिवसाचं भाडं सव्वा डॉलरच्या वर पडत होतं, म्हणजे ही सगळी खरेदी दिवसाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. पुढे त्याने तेलावर चालणारी एक शेगडी घेतली. तिच्यावर खोलीही ऊब धरायची आणि बीन्सचा डबाही गरम व्हायचा.

आता इथे घाई करू नका. "बिचारा गरीब लेखक, उपाशी राहिला आणि त्याला डाएट म्हणाला" असं एका वाक्यात उरकता येईल, पण ते पुरतं खरं नाही. वजन कमी झाल्याचा त्याचा आनंद अस्सल होता. सडपातळ, कमी गरजा असलेला, मनाने अठराव्या शतकात वावरणारा सद्गृहस्थ अशी स्वतःची एक प्रतिमा त्याने जपली होती आणि जाडेपणा त्या प्रतिमेत बसत नव्हता. शिवाय पाच फूट अकरा इंचाच्या माणसाला सहासष्ट किलो हे वजन आजच्या कुठल्याही तक्त्यात व्यवस्थित बसतं. नुसता आकडा बघितला तर डॉक्टर पाठ थोपटतील.

तो काही विरक्तही नव्हता. कॉफीत साखर अशी घालायचा की बघणारे चाट पडायचे. मासळीचा तिटकारा, दारूला स्पर्श नाही, पण आइस्क्रीम म्हटलं की संपलं. १९२७ सालच्या उन्हाळ्यात वॉरन गावातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानात त्याने आणि त्याच्या मित्राने त्या दिवशी मिळत असलेले सगळे २८ प्रकार संपवले होते. तेव्हा खाण्याचा आनंद त्याला कळत नव्हता असं म्हणायची सोय नाही.

मग तीस सेंटांच्या यादीचं काय करायचं? मला वाटतं, वजनाचा हिशोब आणि कथांचा हिशोब शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत. एकटा कुठलाच पूर्ण बोलत नाही.

कथांची वही उघडू. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्याने 'द शन्ड हाउस' लिहिली. 'वियर्ड टेल्स'चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांनी १९२५ मध्ये ती नाकारली. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांत 'द हॉरर अॅट रेड हुक' लिहिली, ती छापून आली जानेवारी १९२७ मध्ये. ऑगस्टमध्येच एकदा रात्रभर भटकून सकाळी फेरीबोटीने न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी गेला, दहा सेंटांची एक वही विकत घेतली आणि बागेत बसून 'ही' ही कथा लिहून टाकली. ती सप्टेंबर १९२६ मध्ये आली. सप्टेंबर १९२५ मधली 'इन द व्हॉल्ट' साभार परत. ज्यांनी कधी मराठी दिवाळी अंकांना कथा पाठवल्या आहेत त्यांना 'साभार परत' या दोन शब्दांची चव वेगळी सांगायला नको.

आणि याच ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या रात्री, मित्रांच्या बैठकीवरून घरी आल्यावर, त्याने 'द कॉल ऑफ क्थुल्हू'चं कथानक मांडून काढलं. या कथेचा चेक चांगला घसघशीत यावा अशी आशाही मावशीला कळवली. प्रत्यक्षात काय झालं बघा. कथा लिहून व्हायला १९२६ चा उन्हाळा उजाडला, तोवर तो न्यूयॉर्कला रामराम ठोकून प्रॉव्हिडन्सला परतला होता. राइटनी ती नाकारली. पुढच्या वर्षी डोनाल्ड वाँड्री हा तरुण चाहता शिकागोला राइटना भेटला, त्याने कथेची तारीफ केली आणि लव्हक्राफ्ट ती दुसरीकडे पाठवायच्या विचारात आहे असं हळूच सुचवलं. मग राइटनी ती मागवून घेतली. मिळाले १६५ डॉलर. छापून आली फेब्रुवारी १९२८ मध्ये. म्हणजे बीन्सच्या डब्याशेजारी बसून सुचलेली कथा वाचकांच्या हातात पडायला अडीच वर्षं लागली. आगामी आकर्षण म्हणतात ते हे!

यावर कोणी म्हणेल, भरभर लिहून चार मासिकांना द्यायचं, पोट भरायचं. तेव्हा असं लिहिणारे पुष्कळ होते. लव्हक्राफ्टला ते जमत नव्हतं आणि मुख्य म्हणजे करायचं नव्हतं. एकदा नाकारलेली कथा पुन्हा पाठवायचा त्याला कंटाळा यायचा, टाइप करायचा त्याहून कंटाळा. १९२६-२७ च्या हिवाळ्यात त्याने दोन छोट्या कादंबऱ्या पाठोपाठ लिहिल्या, 'द ड्रीम-क्वेस्ट ऑफ अननोन कडथ' आणि 'द केस ऑफ चार्ल्स डेक्स्टर वॉर्ड'. दोन्ही बाडं तशीच ठेवून दिली. त्यातली एक १९४१ मध्ये कापून-छाटून मासिकात आली, दुसरी १९४३ मध्ये पुस्तकात. लेखक १९३७ मध्येच गेला होता.

म्हणजे लिखाणात तडजोड करायची नाही, हे त्याने ठरवलं होतं. ती न केलेली तडजोड कुठून तरी वसूल होणार, ती ताटातून झाली. कमी खाणं जमलं तर कमी कमवून भागतं, आणि कमी कमवून भागलं तर मनासारखं लिहिता येतं. डाएटची पत्रं मी अशी वाचतो. त्यांत अभिमान आहे आणि भूकही आहे, आणि अभिमान पुढे उभा केल्यामुळे भुकेचं नाव घ्यावं लागत नाही.

घरातल्या मंडळींना आता मोठे काका आठवले असणार. आठवायलाच हवेत. साठच्या दशकात ते मुंबईला गिरगावात चाळीतल्या गॅलरीत पथारी टाकून राहायचे आणि दर पंधरा दिवसांनी आजीला पोस्टकार्ड टाकायचे. "खानावळीचं जेवण जड पडतं म्हणून रात्रीचं बंद केलं आहे. अंग हलकं वाटतं. प्रकृती उत्तम. मनिऑर्डर केली आहे." आजीला वाचता येत नव्हतं, बाबा मोठ्याने वाचून दाखवायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि फक्त एवढंच विचारायची, "मनिऑर्डर किती रुपयांची?" आकडा ऐकला की गप्प व्हायची. मग मुंबईला जाणारं कोणी गावात आहे का याची चौकशी सुरू, आणि दुसऱ्या दिवशी घरात भाजणी भाजल्याचा आणि मेतकुटाचा वास. अंग हलकं का वाटतंय ते तिला पोस्टकार्ड न वाचता येऊनसुद्धा बरोबर वाचता यायचं.

लव्हक्राफ्टच्या मावश्याही भाच्याच्या आकड्यांनी खूश झाल्या नाहीत, काळजीत पडल्या. दोन खंडांतल्या बायका, एकीच्या भाच्याला उपाशी राहायला कथा पुरत होत्या, दुसरीच्या मुलाला धाकट्या भावंडांच्या फिया. पत्र वाचायची रीत मात्र एकच.

या पत्रांत आणखीही काही आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. त्याच खोलीतून, त्याच मावशीला लिहिताना हा माणूस न्यूयॉर्कमधल्या परदेशी, गौरेतर आणि ज्यू लोकांबद्दल अतिशय विखारी लिहितो. बायको ज्यू, तिच्या पैशावर निम्मं घर चाललेलं, आणि तरीही. 'रेड हुक' ही कथा तर त्या द्वेषातूनच उतरली आहे. तंगी, एकटेपणा, नोकरी न मिळणं यांनी तो द्वेष धगधगता ठेवला असेल, पण जन्माला घातला नाही, तो प्रॉव्हिडन्सहूनच सोबत आला होता. अपुरं जेवण जेवणाऱ्या माणसाबद्दल कळवळा वाटावा आणि पुढच्याच परिच्छेदात त्याची शिसारी यावी, असा अनुभव ही पत्रं वाचताना वारंवार येतो. माझ्यासारखा सावळा वाचक त्याच्या शेजारच्या खोलीत राहायला आला असता तर त्याने मावशीला काय कळवलं असतं, याची मला पुरेपूर कल्पना आहे.

मग हे सगळं आपल्याला कळलं कुणामुळे? इथे खरी गंमत आहे. लव्हक्राफ्टचा सर्वांत मोठा अभ्यासक आणि चरित्रकार म्हणून जगभर ज्यांचं नाव घेतात ते एस. टी. जोशी, म्हणजे सुनंद त्र्यंबक जोशी. जन्म १९५८, पुणे! लहानपणीच अमेरिकेला गेले, किशोरवयात लव्हक्राफ्टच्या नादी लागले आणि प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात शिकायला गेले, कारण लव्हक्राफ्टची कागदपत्रं तिथल्या जॉन हे ग्रंथालयात आहेत. छापील कथांमध्ये शिरलेल्या चुका हस्तलिखितांशी ताडून त्यांनी दुरुस्त केल्या. १९९६ मध्ये त्यांनी लिहिलेलं चरित्र आलं, २०१० मध्ये त्याची वाढवलेली दोन खंडांची आवृत्ती. पौंड, कॉलर, पाव, बीन्स, चीज यांचा मावशीला पाठवलेला हिशोब वाचकांपर्यंत आला तो या कामामुळे. २०१५ मध्ये वर्ल्ड फँटसी अॅवॉर्डवरून लव्हक्राफ्टचा मुखवटा काढायचं ठरलं, कारण अर्थात त्याचा वर्णद्वेष. तेव्हा जोशींनी निषेध म्हणून स्वतःला मिळालेले पुरस्कार परत केले. मला स्वतःला मुखवटा काढला ते योग्यच वाटतं. पण मुखवटा का काढावा याचे पुरावेही आपल्याला मिळाले ते जोशींसारख्यांनी पत्रांतलं बरं-वाईट काही न लपवता समोर ठेवलं म्हणूनच, हेही तेवढंच खरं.

शेवटची वर्षं थोडक्यात. सोनियाशी संसार पुन्हा उभा राहिला नाही. 'वियर्ड टेल्स'मध्ये 'द डनविच हॉरर'चे २४० डॉलर आले, 'द व्हिस्परर इन डार्कनेस'चे ३५०. पण १९३१ मध्ये 'अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' ही मोठी कथा राइटनी नाकारली आणि त्याने हाय खाल्ली. ती अखेर १९३६ मध्ये दुसऱ्या मासिकात आली. जेवणाचा खर्च तोवर आठवड्याला दोन-तीन डॉलरवर येऊन स्थिरावला होता. १९३६ मध्ये धाकटी मावशी रुग्णालयात असताना तो घरातल्या फळीवरचे वर्षानुवर्षं जुने डबे उघडून खात होता, आणि त्याचंही वर्णन पत्रात अगदी मजेत करत होता. १५ मार्च १९३७ रोजी आतड्याच्या कर्करोगाने तो गेला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. कर्करोग बीन्समुळे झाला असं कोणी म्हणू नये. पण दुखणं अगदी हाताबाहेर जाईपर्यंत अंगावर काढणं, हे मात्र त्याच सवयीचं पुढचं पाऊल दिसतं.

दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, ऑगस्ट डर्लेथ आणि तोच डोनाल्ड वाँड्री यांनी पदरमोड करून त्याच्या कथांचा जाडजूड संग्रह काढला. १२६८ प्रती, किंमत ५ डॉलर. त्या खपायला चारेक वर्षं लागली. ५ डॉलर म्हणजे त्याच्या दोन आठवड्यांच्या जेवणाचे पैसे.

तर नातेवाईक मंडळींना एक विनंती. मोठ्या काकांची पोस्टकार्डं माझ्याकडे बत्तीस आहेत, आजीच्या पत्र्याच्या डब्यात मिळालेली. १९६४ पासून पुढची दोन वर्षं मधे पूर्ण गायब आहेत. कुणाकडे माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या पंचांगात असतील तर रद्दीत घालू नका. नुसतं "प्रकृती उत्तम" एवढंच लिहिलेलं असलं तरी चालेल. मी येऊन घेऊन जाईन, आणि मनिऑर्डरच्या पावत्या सापडल्या तर त्याही.